बंदिस्त माकडांचा आहार : पोट भरणे आणि पोषण होणे

(वन्यजीव सप्ताहाच्या निमित्ताने आदिलाबाद जिल्ह्यातील मराठीभाषक ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'माकडाच्या हाती कोलीत' ही म्हण मराठीत फार जुनी आहे. अविचारी प्राण्याच्या हाती आग दिली तर तो घर जाळील, हा तिचा अर्थ लहान मुलांनाही ठाऊक असतो. आज आदिलाबाद आणि निर्मल यांच्या दरम्यानच्या घाटरस्त्यावर क्षणभर थांबले, तर माकडाच्या हाती बिस्किटाचा पुडा दिसतो, आणि तो देणारा मात्र विचारी समजला जाणारा मनुष्य असतो. गाडी थांबते, केळी व फुटाणे फेकले जातात, मुले टाळ्या पिटतात आणि पुण्य केल्याच्या समाधानात मंडळी पुढे निघून जातात. त्याच माकडांची टोळी दुसऱ्या दिवशी जवळच्या गावात शिरते, मक्याची कणसे मोडते, तुरीच्या शेंगा ओरबाडते, कौले फोडते. मग ग्रामपंचायतीत तक्रार येते, पिंजरा लावला जातो आणि त्या पिंजऱ्यात पुन्हा आमिष म्हणून केळी आणि शेंगदाणेच ठेवले जातात.

पिंजऱ्याचे दार पडल्यानंतर त्या जिवाने काय खावे, हे ठरविण्याची जबाबदारी सर्वस्वी माणसावर येते. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. बंदिवासातील माकडाचे पोट भरणे सोपे आहे. त्याचे पोषण करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्यास थोडे ज्ञान व थोडी शिस्त लागते.

माकड आणि वानर

प्रथम कोणत्या प्राण्याविषयी बोलावयाचे हे स्पष्ट केले पाहिजे. बोलताना 'माकड' आणि 'वानर' हे शब्द पुष्कळदा अदलून-बदलून वापरले जातात. परंतु लाल तोंडाचे, आखूड शेपटीचे माकड आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर यांच्या पोटाची रचनाच भिन्न आहे.

लाल तोंडाच्या माकडाचे जठर माणसाप्रमाणेच साधे, एका कप्प्याचे असते. त्याच्या गालांत पिशव्या असतात. मिळेल ते अन्न घाईने त्यांत कोंबावयाचे आणि सुरक्षित जागी जाऊन सावकाश चावावयाचे, ही त्याची रीत. फळे, बिया, कोवळी पाने, मुळे, साली, किडे असे नाना प्रकारचे अन्न ते खाते. वानराच्या गालांत अशा पिशव्या नसतात. त्याचे जठर अनेक कप्प्यांचे असून त्यात असंख्य सूक्ष्म जीव पाला आंबवून पचवितात. गाईबैलांच्या पोटाशी त्याचे काहीसे साम्य आहे. अशा पोटात पाव, बिस्किटे, मिठाई किंवा फार गोड फळे गेली, तर आंबण्याची क्रिया बिघडते, आम्लता वाढते, पोट फुगते आणि प्राणी दगावूही शकतो. म्हणून वानर पकडले गेले असेल तर त्याच्यापुढे सर्वप्रथम ताज्या पानांच्या फांद्या ठेवाव्यात.

माकडांतही दोन जाती दक्षिणेत आढळतात. गोदावरीच्या उत्तरेस लाल तोंडाचे माकड, ज्याला शास्त्रज्ञ ऱ्हीसस म्हणतात, आणि दक्षिणेस डोक्यावर केसांची टोपी असलेले बॉनेट माकड, अशी या दोन जातींची सीमा प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत सांगितली जात असे. अलीकडील पाहणीत ऱ्हीसस माकड ही सीमा ओलांडून दक्षिणेकडे सरकल्याचे दिसून आले आहे. पैनगंगा आणि गोदावरी यांच्या मधला आदिलाबादचा प्रदेश मुळातच ऱ्हीसस माकडाचा. पूर्ण वाढलेली मादी साधारण पाच किलो वजनाची, तर नर सात-आठ किलोंचा असतो.

निर्मलजवळील केंद्र

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून ऑक्टोबर २०१६ मध्ये वेगळ्या झालेल्या निर्मल जिल्ह्यात, सारंगापूर मंडलातील चिंचोली गावाजवळ, गंडी रामन्ना हरितवनात डिसेंबर २०२० मध्ये माकडांसाठी बचाव व पुनर्वसन केंद्र उघडण्यात आले. गावोगाव पकडलेली माकडे तेथे आणावयाची, त्यांची तपासणी व निर्बीजीकरण करावयाचे आणि मग त्यांना वनात सोडावयाचे, असा त्यामागील हेतू आहे. त्यापूर्वी, २०१५ साली तेलंगणात हरितहारम् ही वृक्षलागवडीची मोहीम सुरू झाली, तेव्हा पाऊस परत यावा आणि माकडे वनात परत जावीत अशा अर्थाची घोषणा लोकांच्या तोंडी झाली होती. या घोषणेचा उत्तरार्ध खरा व्हावयाचा असेल, तर मधल्या काळात माकडाला काय खाऊ घातले जाते यास फार महत्त्व आहे. बंदिवासात पोळी-बिस्किटांची चटक लागलेले माकड वनात सोडले तरी ते वनात राहत नाही. ते पहिल्या दिसलेल्या चुलीच्या धुराकडे चालू लागते.

दोन जुने प्रयोग

निकस अन्नाचा माकडावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास भारतात शंभर वर्षांपूर्वीच झालेला आहे. १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे डॉ. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाच्या संशोधनास आरंभ केला. १९२० साली त्यांनी निकस आहाराचे माकडांवर होणारे परिणाम प्रसिद्ध केले. दाबाखालील प्रखर वाफेने ज्यातील जीवनसत्त्वे नष्ट केली आहेत असा तांदूळ व तत्सम अन्न ज्या माकडांना दिले गेले, त्यांची भूक मेली, त्यांना अतिसार व आमांश जडला आणि त्यांच्या आतड्यांचे अस्तर बिघडले. पोटात अन्न पडत होते, पण त्या अन्नाने शरीर तगत नव्हते. कुन्नूरची ही छोटी प्रयोगशाळा पुढे वाढत गेली, १९५८ साली हैदराबादला आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.

दुसरा प्रयोग मुंबईचा. १९२८ साली डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा शोध घेऊ लागल्या. त्या गरीब स्त्रियांच्या आहारासारखाच निकस आहार माकडांना देऊन पाहिला, तेव्हा माकडांतही तसाच पंडुरोग निर्माण झाला. आणि यीस्टचा अर्क दिल्यावर तो बरा झाला. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल होय. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले आणि 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास नाव मिळाले. आज गावातील आरोग्यसेविका गरोदर भगिनीच्या हातावर लोह व फॉलिक आम्लाची जी गोळी ठेवते, तिच्या इतिहासात परळच्या त्या माकडांचाही वाटा आहे. ज्या प्राण्याने माणसाला हिरव्या पानाचे मोल शिकविले, त्याच प्राण्यापुढे माणसाने बिस्किटांचा ढीग ठेवावा, हे शोभणारे नाही.

शरीराच्या गरजा

पूर्ण वाढलेल्या माकडाला दररोज त्याच्या वजनाच्या साधारण दोन ते चार टक्के अन्न लागते. हा हिशेब अन्नातील पाणी वजा करून केलेला आहे. सहा किलोंच्या माकडास सव्वाशे ते अडीचशे ग्रॅम सुके अन्न, असा त्याचा अर्थ. फळभाज्या व पाला यांत पाणीच फार असल्याने प्रत्यक्ष टोपलीचे वजन याच्या कितीतरी पट भरते. गाभण व अंगावर पाजणाऱ्या मादीस आणि वाढत्या पिलास प्रमाणाने अधिक द्यावे लागते.

या सुक्या अन्नात प्रथिने शेकडा १५ ते २२ असावीत, असे माकडांच्या पोषणाविषयीच्या मान्य ग्रंथांत सांगितले आहे. मोड आलेला हरभरा, मटकी, शिजविलेली तूर व सोयाबीन आणि अधूनमधून उकडलेले अंडे यांतून ती मिळतात. यांपैकी तूर, हरभरा आणि सोयाबीन तर या भागातल्या शेतांतच पिकतात.

जीवनसत्त्व 'क' हे सर्वांत महत्त्वाचे. गाय, कुत्रा, मांजर यांचे शरीर ते स्वतः तयार करते. माणसाचे व माकडाचे शरीर तयार करू शकत नाही. ते रोजच्या अन्नातूनच मिळावे लागते. न मिळाल्यास हिरड्या सुजतात व त्यांतून रक्त येते, सांधे दुखू लागतात, माकड कोपऱ्यात बसून राहते आणि हात लावताच किंचाळते. लोक त्यास 'चिडके' समजतात. वस्तुतः त्यास स्कर्व्ही झालेला असतो. पेरू, आवळा, लिंबूवर्गीय फळे, मोड आलेली कडधान्ये आणि ताजा पाला यांनी हा रोग टळतो. तयार खाद्याच्या गोळ्या वापरल्या जात असतील, तर त्या केव्हा तयार केल्या ती तारीख पाहावी. अशा खाद्यातील 'क' जीवनसत्त्व साठवणीत घटत जाते. तीन महिन्यांहून जुन्या खाद्यावर या बाबतीत विसंबू नये.

त्यानंतर हाडांचा प्रश्न. केळी, धान्य आणि शेंगदाणे यांत कॅल्शियम कमी व फॉस्फरस अधिक असते. केवळ यांवर वाढलेल्या पिलाची हाडे ठिसूळ होतात, पाय वाकतात. शेवग्याचा पाला, राजगिरा, मेथी अशा पालेभाज्या आणि नाचणी यांतून कॅल्शियम मिळते. पण तेवढ्याने भागत नाही, कारण कॅल्शियम अंगी लागण्यास जीवनसत्त्व 'ड' हवे आणि ते त्वचेत सूर्यप्रकाशाने तयार होते. म्हणून अंधाऱ्या खोलीत ठेवलेल्या पिंजऱ्यात कितीही उत्तम अन्न दिले तरी मुडदूस होण्याचा धोका राहतो. पिंजऱ्यात सकाळचे ऊन आले पाहिजे आणि दुपारी सावलीही मिळाली पाहिजे.

या ठिकाणी शहरांतून छंद म्हणून पाळल्या जाणाऱ्या परदेशी चिमुकल्या माकडांचा ओझरता उल्लेख करणे योग्य होईल. ब्राझीलचे मार्मोसेट तीन-चारशे ग्रॅमचे असते आणि झाडांच्या सालीला दातांनी खाचा पाडून डिंक खाते. या माकडाच्या शरीरास वनस्पतिज 'ड' जीवनसत्त्वाचा फारसा उपयोग होत नाही. प्राणिज प्रकारचे 'ड' किंवा ऊनच लागते. घरातील बंद पिंजऱ्यात, बिस्किटे व केळी यांवर त्याची हाडे झिजतात. वन्यजीव कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आल्यावर अशा संरक्षित परदेशी प्राण्यांची नोंद करणे बंधनकारक झाले आहे. नोंदीने कायद्याची पूर्तता होते, प्राण्याची भूक मात्र त्याच्या देशातल्या झाडांची असते.

केळ्याविषयी दोन शब्द

केळे आणि माकड ही जोडी चित्रांच्या पुस्तकांतून मनात इतकी ठसली आहे की तिच्याविरुद्ध बोलणे विचित्र वाटेल. परंतु शेतात पिकविलेले फळ रानातल्या फळापेक्षा अधिक गोड असते. त्यात तंतू व प्रथिने कमी असतात. इंग्लंडमधील पेंटन येथील प्राणिसंग्रहालयाने याच कारणासाठी माकडांची केळी बंद केल्याचे २०१४ साली जाहीर केले आणि पालेभाज्यांचे प्रमाण वाढविले. माकडांचे दात व वजन सांभाळले जावे, मधुमेह टळावा, हा हेतू होता. माकडे अधिक शांत झाली आणि त्यांची लवही सुधारली, असा तेथील अनुभव आहे. केळे औषध दडवून देण्यासाठी ठेवावे. रोजच्या जेवणाचा पाया करू नये.

पिंजऱ्याचे पहिले काही दिवस

माकड पकडल्यापासून केंद्रात पोहोचेपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक असतो, आणि या काळात त्याचा आहार ग्रामस्थांच्याच हाती असतो. भयाने व दगदगीने त्याची जीवनसत्त्व 'क' ची गरज वाढलेली असते. अशा वेळी पुढील गोष्टी पाळाव्यात.

पहिल्याने स्वच्छ पाणी द्यावे. उपाशी माकडापुढे एकदम मोठा ढीग टाकू नये. उपवासानंतर अधाशीपणे खाल्ल्याने जठर फुगून माकडे काही तासांत मरतात. थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा द्यावे. पिंजऱ्यावर पोते टाकून बघ्यांची गर्दी दूर ठेवावी, वारा मात्र खेळता असावा.

एकाच टोळीची माकडे एकत्र ठेवावीत. टोळीत मान-पान कडक असतो. मादीचा दर्जा तिच्या आईच्या दर्जावरून ठरतो. अन्न एकाच ठिकाणी ठेवल्यास वरचढ माकडे गालाच्या पिशव्या भरून घेतात आणि दुबळ्या माद्या व पिले उपाशी राहतात. बाहेरून पाहणाऱ्यास टोपली रिकामी दिसते व सर्व जेवले असे वाटते. म्हणून अन्न एकाच वेळी तीन-चार ठिकाणी, एकमेकांपासून दूर ठेवावे.

उष्टे, आंबलेले, बुरशी आलेले अन्न कदापि देऊ नये. बुरशी लागलेला मका व शेंगदाणे यांतील विष यकृताचा नाश करते. क्षयाची बाधा माणसाकडून माकडास होते, म्हणून खोकला असणाऱ्याने पिंजऱ्याजवळ जाऊ नये. हाताने भरवूही नये. माकडाचा चावा अंगावर येऊ शकतो. चावा बसल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित आरोग्य केंद्र गाठावे.

आई नसलेले पिलू सापडल्यास म्हशीचे दूध पाजण्याचा मोह आवरावा. माकडिणीचे दूध पातळ असते आणि म्हशीचे दाट दूध पिलाला पचत नाही. पिलास उबेत ठेवावे, वनरक्षकास व पशुवैद्यकास तत्काळ कळवावे, आणि ते सांगतील तेच पाजावे.

वनाची सवय राखणारा आहार

जे माकड परत वनात जावयाचे आहे, त्याच्या टोपलीत वन असले पाहिजे. वनातील माकडाच्या दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात जातो. पिंजऱ्यात तेच अन्न पाच मिनिटांत संपले, की उरलेला दिवस भांडणे, केस उपटणे आणि येरझाऱ्या यांत सरतो. धान्य व कडधान्ये गवताच्या थरात विखरून टाकावीत, पाल्याच्या फांद्या उंच टांगाव्यात, शेंगा सोलून देऊ नयेत. शोधण्याचे, तोडण्याचे, सोलण्याचे काम माकडाला करू द्यावे. त्याच्या भुकेइतकीच त्या कामाचीही त्यास गरज आहे.

आदिलाबादच्या रानात यासाठी लागणारे सर्व काही आहे. चैत्रात मोहाची फुले गळतात. उन्हाळ्यात टेंभुर्णी व चारोळी पिकतात. पहिल्या पावसाबरोबर जांभळे येतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास सीताफळे, थंडीत आवळा आणि बोरे, शिशिराच्या अखेरीस चिंचा. आणि उंबर तर वर्षभर केव्हाही फळांनी लगडलेला दिसतो. गोंड व कोलाम बांधवांना हे पंचांग तोंडपाठ आहे. कोणत्या महिन्यात कोणत्या झाडाखाली माकडे दिसतात हे त्यांना विचारून केंद्राच्या टोपलीची आखणी केली, तर ती अधिक अचूक होईल. हीच झाडे वनाच्या आतील भागांत, पाण्याजवळ लावली, तर सुटलेल्या माकडाला परत रस्त्यावर येण्याचे कारण उरणार नाही.

कर्तव्ये

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वये, ताब्यातील प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा गुन्हा आहे. १९९८ च्या अधिसूचनेने माकडांना खेळासाठी शिकविण्यास व त्यांचे खेळ दाखविण्यास मनाई केली आहे. तथापि कायदा शेवटी येतो. त्याआधी माणसाची समजूत येते.

ग्रामपंचायतीने पिंजरा लावण्यापूर्वीच वनविभागाशी बोलून, माकडे कोणत्या दिवशी, कोणत्या वाहनाने, कोठे जाणार हे निश्चित करावे; ठिकाण ठरल्याशिवाय दार पाडू नये. मधल्या दिवसांच्या आहाराची जबाबदारी एका माणसावर सोपवावी. काय दिले, काय उरले, शेण कसे आहे, कोणते माकड खात नाही, याची नोंद वहीत ठेवून ती वही माकडांबरोबर केंद्रात पाठवावी. शिक्षकांनी मुलांकडून आपल्या शिवारातील फळझाडांची महिनावार यादी करून घ्यावी आणि सहलीच्या वेळी घाटात गाडी थांबवून खाऊ फेकण्याची प्रथा मोडावी. मुलांना हे पटले की ती घरातल्या वडीलधाऱ्यांनाही अडवितात.

मारुतीच्या देवळापुढे माकडाला दाणे टाकण्यामागील भाव कोणी नाकारणार नाही. परंतु ज्या दयेने माकड रस्त्यावर येते, गाडीखाली सापडते, शेतात शिरते आणि शेवटी पिंजऱ्यात जाते, त्या दयेस थोडी दृष्टी हवी. हातातला पुडा न फेकता एक उंबराचे रोप रानात लावले, तर ते लावणाऱ्याच्या नातवंडांच्या काळातही माकडांना खाऊ घालीत राहील. आणि जी माकडे आज गजांआड आहेत, त्यांच्या टोपलीत मूठभर मोड आलेले हरभरे, एक पेरू आणि शेवग्याची हिरवी डहाळी पडली, तर ती रानात परततील तेव्हा त्यांच्या अंगात फांदीवर उडी मारण्याचे बळ असेल.